फाइल सर्व्हर का अडतो आणि कर्नलच्या कॅश कशा लावायच्या: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांसाठी

नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात फाइल सर्व्हरची तक्रार येते ती वीस तारखेच्या आसपास. जीएसटीआर-३बी भरायची घाई असते, आठ-दहा जण एकाच शेअरवर (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरवर) असतात. प्रत्येक क्लायंटचं फोल्डर, त्यात वर्षांची फोल्डरं, त्यात बिलांच्या शेकडो छोट्या पीडीएफ. फोल्डरवर डबल-क्लिक केलं की वरची हिरवी पट्टी सरकत राहते आणि यादी काही येत नाही. वागळे इस्टेटमधल्या छपाईच्या गाळ्यात तक्रार वेगळी. तिथे फायली मोजक्या, पण एकेक दीड-दोन जीबीची. कुणीतरी मोठं डिझाइन सेव्ह करतं आणि बाकीच्यांचे पडदे अर्धा-पाऊण मिनिट गोठतात, मग आपोआप सुटतात.

दोन्हीकडे लिनक्स आणि सांबा (विंडोजच्या पीसींना लिनक्सवरच्या फायली देणारं सॉफ्टवेअर), दोन्हीकडे साध्या हार्ड डिस्क, रॅमही सारखीच. इलाजही दोन्हीकडे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कॅशमध्येच (डिस्कवरचा मजकूर रॅममध्ये तात्पुरता ठेवायच्या जागेत) आहे, पण वेगवेगळ्या कॅशमध्ये. नेटवरून उचललेली दहा ओळींची सिसकंट्रोलची (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड, स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल) यादी दोघांनाही चिकटवली, तर एकाचं थोडं भलं होतं आणि दुसऱ्याचं बिघडतं. म्हणून या लेखात आकड्यांपेक्षा ते आकडे आपल्या मशीनसाठी काढायचे कसे, यावर माझा भर आहे.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. कमांड, फायली आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची आणि आकडे नेहमीचे इंग्रजी वापरायचे. नावात अंडरस्कोर किंवा टिंब दिसेल तिथे तसंच ठेवायचं.

रॅम भरलेली दिसते, ती भरलेलीच असायला हवी

सर्व्हरवर "फ्री -एम" चालवा. "फ्री" या रकान्यात बत्तीस जीबीपैकी जेमतेम तीनशे-चारशे एमबी दिसतील आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. तो रकाना बघूच नका. शेवटचा "अव्हेलेबल" नावाचा रकाना बघा. नव्या प्रोग्रॅमला स्वॅप न करता (रॅममधलं काही डिस्कवर न हलवता) किती मेमरी मिळू शकेल याचा तो कर्नलचा अंदाज असतो. २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल हा आकडा स्वतः काढून देतं. "बफ/कॅश" खाली जे पंचवीस-सव्वीस जीबी दिसतात, ती तुमच्याच फायलींची रॅममधली प्रत आहे. कुणी तीच फाइल पुन्हा मागितली तर डिस्कला हात न लावता ती तिथून दिली जाते. दुसऱ्या कशाला मेमरी लागली तर कर्नल ही जागा लगेच सोडतं.

हे माहीत नसल्यामुळे एक वाईट सवय फार पसरली आहे: दर तासाला किंवा रोज रात्री "/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस" मध्ये ३ लिहून ही कॅश रिकामी करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड). महापेच्या एका ऑफिसात मला असा दर तासाचा क्रॉन सापडला. रॅम मोकळी राहावी म्हणून तो कुणीतरी लावला होता आणि दर तासाच्या ठोक्याला सगळा सर्व्हर दोन-तीन मिनिटं डिस्क खरवडत बसायचा. ती एक ओळ काढली, बाकी कशालाच हात लावावा लागला नाही. तुमच्याकडे "क्रॉनटॅब -एल" करून आणि "/ईटीसी/क्रॉन.डी" उघडून आजच बघा. या सेटिंगचा एकच रास्त उपयोग आहे, मोजमापाच्या वेळी कॅश मुद्दाम थंड करणे. त्याकडे पुढे येतो.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

पहिली पेज कॅश: फायलींचा मजकूर, सहसा ४ केबीच्या पानांत. दुसरी डेंट्री आणि इनोड कॅश: फायलींची नावं आणि त्या कुठल्या फोल्डरात आहेत (डेंट्री), आकार, तारखा, परवानग्या (इनोड). फोल्डर उघडून यादी बघताना ही दुसरी कॅश कामाला येते, पहिलीचा संबंध फार थोडा. तिसरी गोष्ट म्हणजे डर्टी पानं. कुणीतरी लिहिलेला मजकूर रॅममध्ये पोहोचला आहे पण डिस्कवर उतरलेला नाही, ती ही पानं. सीएच्या ऑफिसाचं दुखणं दुसऱ्या कॅशमध्ये आहे, छपाईच्या गाळ्याचं तिसऱ्या गोष्टीत. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

कॅशला हात लावण्याआधी तार तपासा

"ईथटूल" नंतर नेटवर्क कार्डाचं नाव द्या आणि "स्पीड" ची ओळ वाचा. १००० दिसलं पाहिजे. जुन्या गाळ्यांमध्ये छतावरून ओढलेल्या केबलच्या दोनच जोड्या जोडलेल्या असतात, किंवा एक तार क्रिंपिंगमध्ये सुटलेली असते. मग जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर काही जात नाही. अशा तारेवर कर्नल कितीही ट्यून केलं तरी वेग तेवढाच राहणार. सर्व्हर आणि एका पीसीमध्ये "आयपर्फ३" चालवून बघा. गिगाबिटवर सुमारे ९४० मेगाबिट आले म्हणजे तार ठीक. फाइल कॉपीत हे सेकंदाला ११० एमबीच्या आसपास दिसतं आणि हीच तुमची वरची मर्यादा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो हिशेबात लागेल.

मोजल्याशिवाय बदलू नका

मोजमाप ऑफिस सुटल्यावर करा, कारण त्यासाठी कॅश रिकामी करायची आहे. सर्व्हरवरच करा, विंडोजच्या पीसीवरून नको. विंडोज स्वतःही फोल्डरची माहिती काही सेकंद जवळ ठेवतं आणि उघडलेल्या फायली कॅश करतं, त्यामुळे पीसीवरचं घड्याळ फसवतं.

आधी "सिंक" चालवा. मग ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा. आता "टाइम डीयू -एस" नंतर शेअरचा मार्ग द्या. डीयू प्रत्येक फाइलचा आकार विचारत जातं, म्हणजे प्रत्येक इनोड वाचला जातो. लागलेला वेळ वहीत लिहा, ही थंड यादी. लगेच तीच कमांड पुन्हा चालवा, ही गरम यादी. लाखो छोट्या फायलींच्या शेअरवर थंड यादीला कित्येक मिनिटं आणि गरम यादीला काही सेकंद लागणं मी नेहमी पाहतो. फरक इतका मोठा का, तर ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. डोकं जागेवर न्यायचा वेळ धरला तर सेकंदाला शंभरेक उड्यांच्या पुढे ती जात नाही. एक्स्ट४ मध्ये (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) इनोड सहसा २५६ बाइटचा असतो, म्हणून एका ४ केबीच्या ब्लॉकमध्ये शेजारचे सोळा इनोड एकदम येतात. तेवढीच काय ती सवलत.

मग दिवसा, कामाच्या गर्दीत, "आयओस्टॅट -एक्स १" चालू ठेवून बघा. "आर_अवेट" आणि "डब्ल्यू_अवेट" म्हणजे वाचायला आणि लिहायला सरासरी किती मिलिसेकंद थांबावं लागलं ते. हार्ड डिस्कवर दहा-पंधरा चालतं, शंभरच्या वर सतत राहिलं तर डिस्क दमली आहे. शक्य असेल तर बीसीसी (कर्नलच्या आत काय चाललंय ते मोजणारा संच) साधनांपैकी "कॅशस्टॅट" टाका. पेज कॅशमध्ये किती विनंत्या सापडल्या आणि किती चुकल्या हे ते दर सेकंदाला दाखवतं. दिवसभर हिट पंच्याण्णव टक्क्यांच्या वर असतील तर मोठ्या फायलींच्या वाचनासाठी तुम्हाला काही करायचं नाही.

छोट्या फायलींचं ऑफिस: नावांची कॅश टिकवा

आधी बघा की सगळी नावं रॅममध्ये मावतात का. "डीएफ -आय" चालवलं की शेअरच्या फाइलसिस्टिमवर किती इनोड वापरात आहेत ते कळतं. हीच तुमच्या फायली आणि फोल्डरांची संख्या. समजा बारा लाख. एक डेंट्री सुमारे १९२ बाइटची आणि एक्स्ट४ चा रॅममधला इनोड साधारण एक केबीच्या पुढेमागे. दोन्ही मिळून फाइलमागे सव्वा-दीड केबी धरा. बारा लाख फायलींना दीड ते पावणेदोन जीबी. सोळा जीबीच्या सर्व्हरमध्येही ही संपूर्ण यादी आरामात मावते. असं असताना ती बाहेर का फेकली जाते?

कारण मेमरी लागली की कर्नल पेज कॅश आणि ही नावांची कॅश दोन्हींतून जागा काढतं. किती झुकतं माप द्यायचं ते "व्हीएम.व्हीएफएस_कॅश_प्रेशर" ठरवतं. मूळ आकडा १००. रात्री बॅकअपने चारशे जीबी वाचले की जागेची ओढाताण सुरू होते आणि दिवसभर जमलेली नावं त्यात वाहून जातात. सकाळी दहाला पहिला माणूस फोल्डर उघडतो तेव्हा डिस्क पुन्हा उड्या मारू लागते.

इथे हा आकडा ५० करा:

सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.व्हीएफएस_कॅश_प्रेशर=५०

मग "स्लॅबटॉप -ओ -एस सी" चालवून "डेंट्री" आणि "एक्स्ट४_इनोड_कॅश" (एक्सएफएस असेल तर "एक्सएफएस_इनोड") या ओळींचा आकार रोज सकाळी टिपा. बॅकअपनंतरही तो टिकून राहतोय का, हे बघायचं. टिकत नसेल तर २० पर्यंत खाली या. शून्य कधीच ठेवू नका. शून्यावर कर्नल ही कॅश सोडायलाच नकार देतं आणि मेमरी संपून सर्व्हरमधल्या प्रक्रिया मारल्या जाऊ शकतात. काही याद्यांमध्ये २०० किंवा त्याहून मोठा आकडा सुचवलेला असतो. फाइल सर्व्हरसाठी तो सरळ उलटा सल्ला आहे.

आकडा खाली आणताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. विंडोजचा एक्सप्लोरर फोल्डर उघडताना "डेस्कटॉप.आयएनआय" सारख्या फायली शोधतो आणि त्या बहुतेक ठिकाणी नसतात. "ही फाइल इथे नाही" हेही कर्नल डेंट्री करून लक्षात ठेवतं. प्रेशर फार कमी असेल तर या नकारी नोंदींचा ढीग साचतो. "/प्रॉक/सिस/एफएस/डेंट्री-स्टेट" मध्ये पहिला आकडा एकूण डेंट्रींचा असतो आणि कर्नल ५.० पासून पाचवा आकडा या नकारी नोंदींचा. एकूणपैकी निम्म्याहून जास्त नकारी असतील तर प्रेशर थोडं वर न्या.

आणि एका गोष्टीचा दोष कर्नलला देऊ नका. लिनक्ससाठी लहान आणि मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी, विंडोजसाठी सारखीच. त्यामुळे मागितलेलं नाव जसंच्या तसं सापडलं नाही तर सांबाला ते दुसऱ्या अक्षरांत आहे का हे बघायला अख्खं फोल्डर वाचावं लागतं. एका फोल्डरात वीस हजार पीडीएफ असतील तर प्रत्येक नवी फाइल बनवताना हे होतं, आणि सगळं रॅममध्ये असूनही प्रोसेसर त्यात खर्ची पडतो. सांबात यासाठी सेटिंग आहेत, पण त्यांच्यासाठी जुन्या सगळ्या फायलींची नावं एकाच धाटणीची करावी लागतात. त्यापेक्षा बिलांची फोल्डरं महिन्यांनुसार फोडा. ऑफिसातल्या मंडळींना ते समजतं, पटतं आणि फायदाही त्याच दिवशी दिसतो.

मोठ्या फायलींचा गाळा: डर्टी पानांना आवर

छपाईच्या गाळ्यात पडदे का गोठतात हे डोळ्यांनी बघता येतं. सर्व्हरवर ही कमांड चालू ठेवा:

वॉच -एन १ 'ग्रेप -आय -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो'

आता एका पीसीवरून दोन जीबीची फाइल सेव्ह करायला सांगा, दुसऱ्यावरून त्याच वेळी दुसरी एखादी मोठी फाइल उघडायला. "डर्टी" चा आकडा चढू लागेल: दोनशे एमबी, सहाशे, बाराशे. "राइटबॅक" बराच वेळ शून्याजवळ पडून असेल. मग एकदम राइटबॅक उसळेल, डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहील आणि उघडणारी फाइल मध्येच थांबेल. हेच ते गोठणं.

आतलं गणित असं. मूळ सेटिंगमध्ये "डर्टी_बॅकग्राउंड_रेशो" १० असतो आणि "डर्टी_रेशो" २०. हे टक्के वापरता येण्याजोग्या मेमरीचे. बत्तीस जीबीच्या मशीनवर अठ्ठावीस जीबी उपलब्ध असतील तर सुमारे २.८ जीबी साचेपर्यंत, किंवा पानं तीस सेकंद जुनी होईपर्यंत, मागच्या मागे लिहायला विशेष सुरुवात होत नाही. ५.६ जीबीला लिहिणाऱ्यालाच थांबवलं जातं. प्रत्यक्षात या दोन्हींच्या मधूनच कर्नल लगाम ओढायला लागतं. हे टक्के ठरले तेव्हा मशीनमध्ये रॅम फार थोडी असायची. रॅम वाढत गेली तसा टक्क्यांचा अर्थ फुगत गेला, हार्ड डिस्कचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही.

तारेतून सेकंदाला ११० एमबी येतात. डिस्क एकसलग लिहिताना दीडशे एमबी घेऊ शकते, म्हणजे एकटाच माणूस लिहीत असेल तर तुंबणार नाही. पण त्याच डिस्कवर दुसरा कुणी वाचत असेल तर डोकं इकडून तिकडे धावतं आणि लिहिण्याचा वेग पन्नास-साठवर येतो. आता सेकंदाला पन्नास एमबी तुंबत चालले. त्यात एखाद्या प्रोग्रॅमने "हे डिस्कवर गेलं याची खात्री दे" असं सांगितलं, की सांबा एफसिंक करतो आणि त्या फाइलची साचलेली सगळी पानं उतरेपर्यंत तो प्रोग्रॅम उभा. एक्स्ट४ च्या नेहमीच्या ऑर्डर्ड पद्धतीत (आधी डेटा, मग त्याची नोंद डिस्कवर उतरते) दुसऱ्या फायलींचा डेटाही वाटेत येऊ शकतो, म्हणून शिक्षा सेव्ह करणाऱ्यापुरती राहत नाही. पावसाळ्यात धरण काठोकाठ भरल्यावर सगळे दरवाजे एकदम उघडण्यापेक्षा आधीपासून थोडं थोडं पाणी सोडत राहावं, तसं इथे करायचं आहे.

टक्के सोडा आणि बाइटमध्ये मर्यादा द्या. बॅकग्राउंडची मर्यादा म्हणजे डिस्क कामाच्या गर्दीत दोन-चार सेकंदांत जेवढं लिहू शकते तेवढं. कडक मर्यादा त्याच्या तीन-चार पट. साध्या हार्ड डिस्कसाठी मी इथून सुरू करतो:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = १०७३७४१८२४

म्हणजे २५६ एमबी आणि १ जीबी. बाइटचा आकडा दिला की त्याच्या जोडीचा रेशो आपोआप शून्य दिसतो. घाबरू नका, एका वेळी दोन्हींपैकी एकच चालतो. पुन्हा तीच चाचणी करा. डर्टी आता अडीचशे एमबीच्या पुढेमागे डोलत राहील, राइटबॅक सुरुवातीपासून हलता दिसेल आणि दुसऱ्या पीसीवरची फाइल मध्ये न अडखळता उघडेल. सेव्ह होण्याची पट्टी पूर्वीपेक्षा किंचित हळू सरकू शकते, कारण आधी ती रॅमच्या वेगाने सरकत होती. हे गाळ्यातल्या लोकांना आधीच सांगून ठेवा.

"ट्यून्ड" नावाची, सेटिंगचे तयार संच लावणारी सेवा चालू असेल तर "ट्यून्ड-एडीएम ॲक्टिव्ह" करून प्रोफाइल बघा. थ्रूपुट-परफॉर्मन्स हे प्रोफाइल डर्टी रेशो ४० वर नेतं. मोठ्या गणनेच्या मशीनला ते मानवत असेल, आपल्या गाळ्यातल्या एकुलत्या एक हार्ड डिस्कला नाही.

पेनड्राइव्ह किंवा यूएसबी डिस्कवर बॅकअप घेणाऱ्यांसाठी आणखी एक सेटिंग आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही. "/सिस/क्लास/बीडीआय" खाली प्रत्येक डिस्कचा मेजर-मायनर क्रमांकाचा एक फोल्डर असतो ("एलएसबीएलके" मध्ये तो क्रमांक दिसतो). त्यात "मॅक्स_रेशो" नावाची फाइल आहे, मूळ आकडा १००. यूएसबी डिस्कसाठी तो १० करा. मग ती संथ डिस्क डर्टी मर्यादेतला फार तर दहावा हिस्सा अडवू शकेल आणि दुपारी कुणी बॅकअप लावला म्हणून बाकीच्यांचं काम तुंबणार नाही.

डर्टी पानांचा दुसरा अर्थ विजेशी आहे. डिस्कवर न उतरलेलं पान वीज गेली की गेलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आपल्याकडे दिवे कसे लपकतात हे वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे काम करणाऱ्यांना सांगायला नको. मर्यादा कमी ठेवल्याने धोका घटतो, संपत नाही. सर्व्हरला यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद होईल. वेगासाठी सांबाचं "स्ट्रिक्ट सिंक" बंद करा किंवा एनएफएसचा (लिनक्स मशीनमध्ये फायली शेअर करायची पद्धत) एक्सपोर्ट "एसिंक" करा असा सल्ला मिळतो. वेग वाढतो, खरं आहे. पण क्लायंटला "लिहून झालं" असं सर्व्हर खोटं सांगू लागतो. लोकांच्या हिशेबाच्या आणि छपाईच्या फायलींशी हा खेळ करू नये, असं माझं ठाम मत आहे.

रीड-अहेड

मोठी फाइल सलग वाचली जातेय असं दिसलं की कर्नल पुढचा भाग न मागताच आणून ठेवतं. किती पुढचा, ते "ब्लॉकडेव्ह --गेटआरए" नंतर डिस्कचं नाव देऊन कळतं. उत्तर ५१२ बाइटच्या सेक्टरांत येतं. २५६ म्हणजे १२८ केबी, हे मूळ मूल्य. मोठ्या डिझाइनच्या गाळ्यात हार्ड डिस्कवर ते १ एमबी करून बघण्यासारखं आहे: "ब्लॉकडेव्ह --सेटआरए २०४८". दोन-तीन जण एकाच वेळी वेगवेगळ्या मोठ्या फायली उघडतात तेव्हा फायदा दिसतो, कारण डोकं एका जागी जास्त वेळ टिकतं.

सेटिंग ज्या डिव्हाइसवर फाइलसिस्टिम बसली आहे त्यावर करा. सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) असेल तर एमडी डिव्हाइसवर, एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी व्यवस्था) असेल तर डीएम डिव्हाइसवर. एमडी रेड बऱ्याचदा हा आकडा स्वतःच वाढवून ठेवतं, म्हणून आधी वाचा, मग बदला. छोट्या पीडीएफच्या ऑफिसात याने काहीच होणार नाही, रीड-अहेड फाइलच्या शेवटी थांबतंच. उलट मोठ्या डेटा फाइलमध्ये इथून-तिथून वाचणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर किंवा व्हर्च्युअल मशीनच्या प्रतिमा त्याच डिस्कवर असतील तर नको असलेली पानं रॅममध्ये भरतील. तिथे १२८ केबीच बरं.

रेड ५ किंवा ६ असेल तर

सॉफ्टवेअर रेडची स्वतःची एक छोटी कॅश असते, "/सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/स्ट्राइप_कॅश_साइझ" मध्ये. मूळ आकडा २५६. ती लहान असली की पॅरिटी (डिस्क बिघडली तर डेटा परत मिळवायला ठेवलेली जादा माहिती) काढण्यासाठी जुना डेटा पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो. ४०९६ करून लिहिण्याचा वेग मोजा. रॅम किती जाईल? ४ केबी गुणिले ४०९६ गुणिले डिस्कची संख्या. चार डिस्कना ६४ एमबी. एवढ्या स्वस्तात मिळणारी सुधारणा या लेखात दुसरी नाही. पण रीबूटनंतर ती जाते, म्हणून तिची सोय खाली सांगितल्याप्रमाणे करा.

रात्रीचा बॅकअप आणि सकाळची थंडी

बॅकअप एकदाच वाचून सोडून देण्याचं काम आहे. कर्नल एकदाच वाचलेली पानं आधी बाहेर काढायचा प्रयत्न करतं, तरी शेकडो जीबी वाचले गेले की उपयोगी कॅश झिजतेच. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेल्या मशीनवर बॅकअपच्या सर्व्हिस फाइलमध्ये "मेमरीहाय=१जी" ही ओळ घाला. इथे मेमरी आणि हाय या दोन शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल, शेवटचा जीही कॅपिटल, मध्ये जागा नाही. सीग्रुपची (प्रक्रियांच्या गटाला मेमरीची मर्यादा घालणारी कर्नलची सोय) दुसरी आवृत्ती चालू असेल तर बॅकअपने वाचलेली पेज कॅशही त्याच्याच खात्यावर मोजली जाते आणि तो स्वतःच्या एका जीबीत फिरत राहतो.

शिवाय ऑफिस उघडण्याआधी, साडेआठ-नऊला, शेअरवर "डीयू -एस" चालवणारा एक क्रॉन लावा. नावांची सगळी कॅश गरम होते. ज्या ऑफिसात सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासाचीच तक्रार आहे, तिथे मी बाकी काही करण्याआधी हे करतो.

बाकीचं थोडक्यात

"व्हीएम.स्वॅपीनेस" मूळ ६० असतो. याद्यांमध्ये तो १० करायला सांगतात. निव्वळ फाइल सर्व्हरवर प्रोग्रॅमची मेमरी इतकी थोडी असते की फरक सहसा मोजताही येत नाही. "व्हीएमस्टॅट १" मध्ये "एसआय" आणि "एसओ" हे रकाने शून्य असतील तर हात लावू नका.

माउंट करताना "नोएटाइम" द्या. फाइल नुसती उघडून वाचली तरी त्याची वेळ डिस्कवर लिहिली जाते, ते लिखाण टळतं. आजचं मूळ "रिलेटाइम" बरंच सौम्य आहे, त्यामुळे चमत्कार होणार नाही. आयओ शेड्युलर (डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्यांचा क्रम लावणारा भाग) हार्ड डिस्कला "एमक्यू-डेडलाइन" आणि एनव्हीएमई एसएसडीला "नन" ठेवा. बहुतेक मशीनवर ते तसंच असतं. सांबाच्या फाइलमध्ये "सॉकेट ऑप्शन्स" खाली कुणी बफरचे आकडे लिहून ठेवले असतील तर ते काढून टाका. हाताने दिलेल्या आकड्यांमुळे कर्नलचं स्वतःचं बफर जुळवून घेणं बंद पडतं. झेडएफएस वापरत असाल तर वाचनाची कॅश त्याची स्वतःची एआरसी असते आणि वरचे डर्टी पानांचे आकडे त्याला लागू होत नाहीत.

बदल कायम करणे

"सिसकंट्रोल -डब्ल्यू" चे बदल रीबूटपर्यंतच टिकतात आणि सुरुवातीला तेच बरं. काही बिघडलं तर मशीन पुन्हा सुरू केली की जुनं परत. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला कामाचे निदान दोन-तीन दिवस द्या. सीएच्या ऑफिसात वीस तारीख त्यात येऊ द्या, कारण दहा तारखेला सगळंच छान चालतं. आधी वहीत लिहिलेले आकडे पुन्हा काढा. फरक दिसला नाही तर मूळ आकडा परत ठेवा. "असू दे, नुकसान तर नाही" म्हणून ठेवलेल्या ओळी दोन वर्षांनी दुसऱ्या माणसाचा दिवस खातात.

टिकलेले आकडे "/ईटीसी/सिसकंट्रोल.डी" मध्ये "९०-फाइलसर्व्हर.कॉन्फ" अशा नावाच्या फाइलमध्ये लिहा आणि "सिसकंट्रोल --सिस्टिम" चालवा. प्रत्येक ओळीच्या वर हॅशचं चिन्ह देऊन तारीख आणि कारण लिहा. रीड-अहेड, स्ट्राइप कॅश आणि मॅक्स_रेशो सिसकंट्रोलमध्ये बसत नाहीत. त्यांच्यासाठी यूडेव्हचा (डिस्क ओळखली गेली की आपोआप सेटिंग लावणाऱ्या सोयीचा) नियम किंवा बूटवेळी एकदा चालणारी सिस्टिमडी सर्व्हिस करा.

रॅम घ्यावी का, डिस्क बदलावी का

नावांची कॅश मावते, डर्टी शांत आहे, तरीही कॅशस्टॅटमध्ये हिट ऐंशीच्या खाली राहतात आणि "आर_अवेट" चढलेला असतो, तेव्हा रोजच्या वापरातल्या फायली रॅमपेक्षा जास्त आहेत. गाळ्यात चालू आठवड्याची कामं साठ जीबीची असतील आणि रॅम सोळा जीबी असेल तर कुठलंही सेटिंग ती दरी भरत नाही. तिथे रॅम वाढवा, किंवा चालू कामांपुरती एक एसएसडी लावून जुनी कामं हार्ड डिस्कवर ढकला.

ज्या दिवशी डिस्क बदलाल त्या दिवशी ९०-फाइलसर्व्हर.कॉन्फ उघडा. २५६ एमबी आणि १ जीबी हे आकडे दमणाऱ्या हार्ड डिस्कसाठी काढले होते. सेकंदाला पाचशे एमबी घेणाऱ्या एसएसडीवर ते दुप्पट-चौपट करून चालतील, आणि रीड-अहेड परत १२८ केबीवर आणून डीयू आणि सेव्हची चाचणी पुन्हा करा.